ट्रॅक्टरच्या पाठीमागचे तीन दांडे : हॅरी फर्ग्युसनची कहाणी

शेतकरी बंधूंनो, तुमच्या दारातला ट्रॅक्टर कुठल्याही कंपनीचा असो, एकदा त्याच्या मागे जाऊन उभे राहा. खाली दोन दांडे दिसतील, वर मधोमध एक. खालच्या दोघांना आपण लोअर लिंक म्हणतो, वरच्याला टॉप लिंक. नांगर लावा, रोटाव्हेटर लावा, पेरणी यंत्र लावा, सगळे याच तीन पिनांवर बसते. अलीकडे जळणाचे ओंडके फोडायचे हायड्रॉलिक यंत्रही याच तीन दांड्यांवर चढवतात. घण-पाचरीने दिवसभर घाम गाळायचे काम ते तासा-दोन तासांत उरकते, म्हणून बाभळीचे, सुबाभळीचे जळण विकणारे आणि गावच्या स्मशानभूमीसाठी लाकडाचा साठा करणाऱ्या ग्रामपंचायती त्याची चौकशी करू लागल्या आहेत.

यंत्र घ्यायला हरकत नाही. पण ते कसे निवडायचे, कसे वापरायचे, हे समजायला आधी हे तीन दांडे कोणी आणि कशासाठी बसवले ते कळायला हवे. त्या माणसाचे नाव हॅरी फर्ग्युसन. मॅसी फर्ग्युसन हे नाव तुमच्या तोंडी आहेच. त्यातला फर्ग्युसन तो हाच.

शेतीला कंटाळलेला शेतकऱ्याचा पोर

हॅरीचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ चा. आयर्लंडच्या उत्तर भागात काउंटी डाउनमध्ये ड्रोमोर गावाजवळ ग्रोवेल म्हणून वस्ती आहे, तिथला. घर शेतकऱ्याचे, भावंडे अकरा, बाप मोठा कडक आणि धर्मनिष्ठ. घोड्यांच्या मागे नांगर धरायचा, चिखल तुडवायचा, गुरांचे शेण काढायचे. शाळा लवकर सुटली आणि हे काम गळ्यात पडले. पोराला त्याचा मनापासून कंटाळा होता. अंगाने किरकोळ, डोक्याने तल्लख. शेतीतले कष्ट हे विनाकारण आहेत, डोके चालवले तर ते कमी करता येतील, ही गोष्ट त्याच्या मनात तेव्हाच बसली असावी. पुढचे सगळे आयुष्य त्याने त्याच एका गोष्टीला दिले.

घर सोडून कॅनडाला जायचा त्याचा विचार चालला होता. तेवढ्यात थोरल्या भावाने, ज्योने, बेलफास्ट शहरात सायकली आणि मोटारी दुरुस्त करायचे दुकान काढले आणि १९०२ मध्ये हॅरी त्याच्याकडे कामाला लागला. इंजिनाचा आवाज ऐकून दोष ओळखण्यात तो पटाईत झाला. मोटारसायकलच्या शर्यतीत उतरू लागला. विमानांची बातमी आली तेव्हा स्वतः विमान बांधायला घेतले आणि ३१ डिसेंबर १९०९ रोजी हिल्सबरो येथे सोसाट्याच्या वाऱ्यात ते सुमारे १३० यार्ड उडवून दाखवले. आयर्लंडच्या भूमीवरचे ते पहिले विमानोड्डाण. पुढच्या वर्षी न्यूकॅसलच्या समुद्रकिनाऱ्यावर सुमारे तीन मैल उडून त्याने बक्षीसही मिळवले.

१९११ मध्ये त्याने बेलफास्टला स्वतःचे गॅरेज काढले. तिथेच विली सँड्स नावाचा हुशार कारागीर त्याला मिळाला. कल्पना हॅरीची आणि हात विलीचा, अशी ही जोडी पुढे अनेक वर्षे चालली.

पाठीमागे उलटणारे ट्रॅक्टर

पहिले महायुद्ध सुरू झाले. माणसे आणि घोडे रणांगणावर गेले, आणि धान्य तर जास्त पिकवायचे होते. फर्ग्युसन तेव्हा अमेरिकेतून आलेले ट्रॅक्टर विकत असे. १९१७ मध्ये सरकारच्या शेती मंडळाने त्याच्यावर काम सोपवले, की आयर्लंडभर फिरून शेतकऱ्यांकडचे ट्रॅक्टर नीट चालतात की नाही ते पाहा आणि त्यांना ते नीट वापरायला शिकवा. आजच्या भाषेत सांगायचे तर विस्तार अधिकाऱ्याचेच काम!

फर्ग्युसन आणि सँड्स शेताशेतातून हिंडले. त्यांना काय दिसले? बैलामागे जसे औत जोडायचे, तसाच लोकांनी ट्रॅक्टरमागे नांगर साखळीने किंवा दांड्याने बांधला होता. ट्रॅक्टर वेगळा, नांगर वेगळा. नांगर सांभाळायला आणखी एक माणूस. वळताना पंचाईत, मागे घेता येत नाही, बांधाकडेची जमीन पडीक राहते. माती दाबणारे ते अवजड धूड पाहून आपला घोडा बरा, असे शेतकऱ्याला वाटायचे.

आणि याहून वाईट गोष्ट पुढेच होती. १९१७ मध्ये हेन्री फोर्डचा फोर्डसन ट्रॅक्टर निघाला. हलका आणि स्वस्त म्हणून तो झपाट्याने पसरला. पण मागे ओढलेला नांगर दगडात किंवा मुळात अडकला की चाके जागीच थांबायची, इंजिनाचा जोर मात्र चालूच राहायचा. मग पुढची चाके वर उचलली जायची आणि ट्रॅक्टर मागच्या चाकांभोवती फिरून थेट चालकाच्या अंगावर पालथा पडायचा. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सगळा खेळ खलास. यात कितीतरी शेतकऱ्यांचा जीव गेला.

बंधूंनो, ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे पडलेले झाड ओढताना, बाभळीचा बुंधा उपटताना आजही कोणी साखळी टॉप लिंकच्या खुंटीला बांधतो, कोणी मागच्या ॲक्सलला गुंडाळतो. हा फोर्डसनचाच मृत्यूचा सापळा आपण पुन्हा लावतो. ओंडका ओढायचा तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच बांधा. ड्रॉबार ॲक्सलच्या खाली असतो, म्हणून तिथून ओढले की पुढची चाके उचलली जाण्याचा धोका फार कमी होतो. साखळी सैल ठेवून झटका देऊ नका. बुंधा हलत नसेल तर त्याची मुळे आधी खणून तोडा. क्लच एकदम सोडून ट्रॅक्टरशी जिद्द करू नका.

तीन दांड्यांची करामत

फर्ग्युसनने ठरवले, की नांगर ट्रॅक्टरच्या मागे ओढायचा नाही, तो ट्रॅक्टरचाच अवयव करायचा. १९१७ मध्येच त्याने एक हलका नांगर तयार केला. तो ट्रॅक्टरला थेट जोडलेला होता आणि चालक बसल्या जागेवरून दांडा ओढून तो उचलू शकत होता. पुढे फोर्डसनसाठी त्याने एकावर एक अशा दोन दांड्यांची जोडणी काढली. नांगर अडकला की वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटायचा आणि पुढची चाके जमिनीवर दाबून धरायचा. उलटण्याची भीती गेली. हे नांगर बनवायला अमेरिकेत एव्हान्सव्हिल गावी १९२५ मध्ये कारखानाही निघाला. पण १९२८ मध्ये फोर्डने अमेरिकेतले फोर्डसनचे उत्पादन बंद केले आणि नांगराचा धंदाही बसला.

फर्ग्युसन तरीही थांबला नाही. आणखी एक अडचण त्याला सतावत होती. घट्ट जोडलेला नांगर ट्रॅक्टरबरोबर वर-खाली व्हायचा. पुढचे चाक खड्ड्यात गेले की नांगर उथळ, उंचवट्यावर गेले की खोल. यावर त्याने आणि त्याच्या माणसांनी हायड्रॉलिकचा, म्हणजे दाबलेल्या तेलाच्या जोराचा उपाय शोधला. १९२६ मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले.

ही युक्ती समजून घ्या. जाणता औत्या रुमण्यावर हात ठेवून असतो. जमीन कठीण लागली, बैल दमायला लागले, की तो रुमणे किंचित हलवून फाळ वर घेतो. मऊ जमीन आली की पुन्हा खाली. फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरात हे काम टॉप लिंक करते. नांगराला अडथळा वाढला की टॉप लिंक पुढे दाबली जाते, तिच्या मुळाशी असलेली स्प्रिंग दबते, तेलाचा व्हॉल्व्ह उघडतो आणि नांगर जरासा उचलला जातो. अडथळा कमी झाला की तो आपोआप खाली येतो. नांगराचे वजन आणि मातीचा भार दोन्ही मागच्या चाकांवर येतात, म्हणून हलका ट्रॅक्टरसुद्धा घसरत नाही. भारी वजनाचा ट्रॅक्टर न घेता भारी काम. हेच ते ड्राफ्ट कंट्रोल.

आता यातून ओंडके फोडायच्या यंत्राचा पहिला धडा. तुमच्या ट्रॅक्टरला ड्राफ्ट आणि पोझिशन असे दोन प्रकारचे नियंत्रण असते. ड्राफ्ट हे नांगरटीसाठी. लाकूड फोडायचे यंत्र मातीत ओढायचे नसते, म्हणून ते पोझिशनवर चालवायचे. यंत्र वाहून नेताना उचला, जागेवर नेले की सपाट जमिनीवर टेकवा आणि मगच काम सुरू करा. हवेत लोंबकळत ठेवून फोडू नका.

दुसरा धडा पिनांचा. ही जोडणी आता जगभर ठरावीक मापाची झाली आहे. पहिल्या वर्गात खालच्या पिना २२ मिलिमीटर आणि वरची १९ मिलिमीटर असते. दुसऱ्या वर्गात खालच्या २८ आणि वरची २५. तुमचा ट्रॅक्टर कोणत्या वर्गाचा ते पुस्तिकेत पाहा आणि यंत्र त्याच वर्गाचे घ्या. मोठ्या भोकात बारीक पिन घालून, वर खिळा वाकवून चालढकल करू नका. यंत्राचे वजन ट्रॅक्टरच्या उचल क्षमतेत बसते का तेही विचारा. उचलल्यावर पुढची चाके हलकी वाटली तर पुढे वजने लावा.

काळा ट्रॅक्टर

पेटंट मिळाले, पण ट्रॅक्टर बनवणारे कारखाने फर्ग्युसनकडे वळेनात. मग त्याने १९३३ मध्ये बेलफास्टला स्वतःच एक ट्रॅक्टर तयार केला आणि त्याला काळा रंग दिला. तो काळा ट्रॅक्टर आज लंडनच्या सायन्स म्युझियमकडे आहे. यानंतर डेव्हिड ब्राउन या गिअर बनवणाऱ्या इंग्लिश कारखानदाराने त्याला हात दिला आणि १९३६ पासून फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टर विकायला आला. सुमारे साडेतेराशे ट्रॅक्टर निघाले. पुढे दोघांचे पटेना. ब्राउनला मोठा ट्रॅक्टर हवा होता, फर्ग्युसन आपल्या मापातून इंचभर हलायला तयार नव्हता.

माणूस तसा हेकटच. कपडे नेहमी नीटनेटके, यंत्राची प्रत्येक गोष्ट जागच्या जागी. त्याच्या अवजारांबरोबर एकच पाना मिळायचा. बहुतेक नट त्याच एका पान्याने फिरायचे आणि त्याच पान्यावर इंचाच्या खुणा असायच्या, म्हणजे नांगर लावताना माप घ्यायला वेगळी पट्टी नको. शेतकऱ्याच्या खिशात एक पाना असला की त्याचे काम अडता कामा नये, हा त्याचा कटाक्ष. आपल्याकडे यंत्र घेताना किती जण विचारतात हो, की याचा नट कोणत्या पान्याने फिरतो, याची वायसर तालुक्याला मिळते का?

हातात हात, कागद नाही

१९३८ च्या ऑक्टोबरमध्ये फर्ग्युसन आपला ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेत हेन्री फोर्डच्या घरी गेला. फोर्ड तेव्हा पंच्याहत्तरीचा. त्याच्या घराशेजारच्या शेतात प्रात्यक्षिक झाले. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या दोघांनाही एकमेकांचे म्हणणे पटले. फोर्डने ट्रॅक्टर बनवायचा, फर्ग्युसनने आपली कल्पना द्यायची आणि ट्रॅक्टर विकायचा, असे ठरले. करार लिहिला नाही. दोघांनी हातात हात दिला, एवढेच. १९३९ च्या जूनमध्ये त्यांचा नवा ट्रॅक्टर बाजारात आला आणि युद्धाच्या काळातही त्याला मोठी मागणी राहिली. १९४७ पर्यंत तीन लाखांच्या घरात ट्रॅक्टर निघाले.

पण शब्द देणारा म्हातारा थकला. कंपनीचा कारभार त्याच्या नातवाकडे, दुसऱ्या हेन्री फोर्डकडे आला. त्याने हिशेब पाहिला, ट्रॅक्टरचा धंदा तोट्यात दिसला आणि आजोबांचा शब्द त्याने मोडीत काढला. १९४७ पासून फोर्डने स्वतःची विक्री कंपनी काढून तसाच ट्रॅक्टर विकायला सुरुवात केली. फर्ग्युसनच्या अमेरिकेतल्या विक्रेत्यांकडे विकायला ट्रॅक्टरच उरला नाही.

१९४८ मध्ये त्याने न्यायालयात दावा लावला. मागणी २५ कोटी डॉलरच्या पुढे. चार वर्षे खटला चालला, वकिलांवर पाण्यासारखा पैसा गेला. १९५२ मध्ये तडजोड झाली आणि साडेब्याण्णव लाख डॉलर त्याच्या पदरात पडले. पेटंटाचे हक्क शाबूत राहिले आणि फोर्डला हायड्रॉलिकची रचना बदलावी लागली. जग त्याला जिंकला म्हणाले. पण लिहिलेला कागद असता तर ती चार वर्षे त्याला शेतीच्या कामात घालता आली असती.

पाहा मंडळी, एवढ्या बुद्धीच्या माणसाची ही गत. गावात चार-पाच जण मिळून ओंडके फोडायचे यंत्र घेता, तेव्हा कोणाचे किती पैसे, कोणाची पाळी कधी, मोडले तर खर्च कोणाचा, हे साध्या कागदावर लिहून सह्या करा. विक्रेत्याकडून पक्के बिल आणि हमीपत्र घ्या. पंप, सिलिंडर आणि सील यांची हमी किती महिन्यांची, ते त्यात लिहून घ्या. ग्रामपंचायतीने यंत्र घेतले तर भाड्याचा दर आणि चालवणाऱ्याची जबाबदारी ठरावात नोंदवा. विश्वास असावाच, पण तो कागदावर उतरला की जास्त टिकतो.

करड्या रंगाचा लहानगा

खटला चालू असतानाच फर्ग्युसनने इंग्लंडमध्ये दुसरी बाजू लावून धरली होती. कॉव्हेंट्री शहरात स्टँडर्ड मोटर कंपनीच्या कारखान्यात १९४६ पासून त्याचा टीई-२० ट्रॅक्टर निघू लागला. करडा रंग, आटोपशीर बांधा, वीस-पंचवीस अश्वशक्तीचे इंजिन. दहा वर्षांत असे पाच लाख सतरा हजारांहून जास्त ट्रॅक्टर बाहेर पडले. लहान शेतकऱ्याने घोडा विकून हा घेतला. ४ जानेवारी १९५८ रोजी एडमंड हिलरी, एव्हरेस्ट चढलेला तोच, फर्ग्युसन ट्रॅक्टरना पट्टे लावून बर्फातून दक्षिण ध्रुवावर पोहोचला.

ट्रॅक्टर विकून फर्ग्युसनचे समाधान होत नसे. त्याच्या मते ट्रॅक्टर हा निम्मा, अवजारे हा दुसरा निम्मा. म्हणून नांगर, कुळव, पेरणी यंत्र, खांबाचे खड्डे घेणारा गिरमिट, तेलाच्या जोरावर रिकामी होणारी ट्रॉली आणि जळणाचे ओंडके कापायची चक्राकार करवतसुद्धा त्याच्या यादीत होती. शेतकऱ्यांना आणि विक्रेत्यांच्या माणसांना शिकवायला त्याने प्रशिक्षण शाळा काढली. शेतीमाल पिकवायचा खर्च उतरला तर जगातली महागाई आणि भूक दोन्ही कमी होतील, हा विचार तो सगळीकडे मांडत असे.

तेलाचा हिशेब

त्या वेळच्या ट्रॉलीचे आणि आजच्या लाकूड फोडायच्या यंत्राचे तत्त्व एकच : दाबलेले तेल सिलिंडरमधला दट्ट्या ढकलते. फरक एवढाच, की ट्रॉली तेलाने वर जाते आणि स्वतःच्या वजनाने खाली येते. तिला एक नळी पुरते. लाकडात रुतलेली पाचर मात्र आपोआप मागे येत नाही. तिला पुढे ढकलायला आणि मागे ओढायला, दोन्हीकडे तेल लागते. म्हणून यंत्र घेण्याआधी ट्रॅक्टरला दुहेरी व्हॉल्व्ह आणि दोन नळ्यांची सोय आहे का ते बघा. नसेल तर तसा व्हॉल्व्ह कंपनीच्या माणसाकडून बसवून घ्या, किंवा पीटीओवर चालणारा स्वतंत्र पंप आणि स्वतःची टाकी असलेले यंत्र घ्या. ते महाग पडते, पण ट्रॅक्टरच्या तेलाला हात लागत नाही.

यंत्राची ताकद विक्रेता टनात सांगतो. ती स्वतः ताडून पाहा. १०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरचे क्षेत्र सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर. ट्रॅक्टरचा दाब चौरस सेंटिमीटरला १५० किलो असेल तर जोर झाला पावणेबारा टन. तेवढ्याच दाबावर १२५ मिलिमीटरचा सिलिंडर सव्वाअठरा टनांच्या पुढे जातो. मग मोठाच घ्यावा का? थांबा. ट्रॅक्टर मिनिटाला २० लिटर तेल देत असेल तर ६० सेंटिमीटरची धाव घ्यायला लहान सिलिंडरला सुमारे १४ सेकंद लागतात, मोठ्याला २२. जोर वाढला की वेग घटतो. सरळ धाग्याच्या सुबाभळीला, निलगिरीला लहान पुरतो. गाठाळ बाभूळ आणि चिवट बुंधे जास्त असतील तर मोठा घ्या. दाब आणि तेलाचा प्रवाह हे दोन आकडे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतात. ते लिहून घेऊनच दुकानात जा.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. रिकामा सिलिंडर पहिल्यांदा भरताना चार-पाच लिटर तेल खातो. ते तुमच्या ट्रॅक्टरमधूनच जाते. यंत्र एकदा पुढे-मागे चालवून मग तेलाची पट्टी तपासा आणि कमी पडले तर पुस्तिकेत सांगितलेलेच तेल भरा. नळीचे तोंड जोडण्याआधी स्वच्छ पुसा. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरचे आणि हायड्रॉलिकचे तेल एकच असते, त्यामुळे नळीतून गेलेली माती थेट गिअरबॉक्सपर्यंत पोहोचते.

वापरताना

ओंडक्याची दोन्ही टोके सरळ कापलेली असावीत. तो धाग्याच्या दिशेनेच ठेवा, आडवा ठेवला तर ढलपी गोळीसारखी उडते. ओले लाकूड बहुधा सोपे फुटते, म्हणून तोडल्यावर लवकर फोडून मग वाळवा. मोठा ओंडका मधोमध न फोडता कडेने सोलत या. जड बुंधे असतील तर उभे होणारे यंत्र बरे, म्हणजे कमरेवर ताण येत नाही.

हॅन्डब्रेक लावा, चाकांना उटी द्या, गिअर न्यूट्रलला ठेवा. लाकूड ठेवणारा आणि लिव्हर ओढणारा माणूस एकच हवा. बोटे तुटतात ती एकाने लाकूड धरले आणि दुसऱ्याने लिव्हर ओढली म्हणून. दोन्ही हात गुंतवणारी लिव्हर असलेले यंत्र मिळत असेल तर तेच घ्या. उपरणे, सैल लुंगी, पदर यंत्राजवळ नको. डोळ्यांवर चष्मा, पायात बूट हवेत आणि पोरेबाळे लांब हवीत. पीटीओ शाफ्टवरचे आवरण काढू नका. पीटीओवर गरगर फिरणाऱ्या शंकूच्या स्क्रूने लाकूड फोडायचे स्वस्त प्रकार मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. तो स्क्रू कपडा पकडतो आणि माणसाला ओढून घेतो.

लाकूड अडकले तर लिव्हर दाबून धरून बसू नका, तेल तापते. पाचर मागे घ्या, ओंडका फिरवा. हाताने सोडवायचे असेल तर इंजिन बंद करूनच. दाब वाढवायला रिलीफ व्हॉल्व्ह आवळू नका. नळी कुठे गळते हे हात फिरवून कधीच पाहू नका, पुठ्ठा धरून पाहा. सुईएवढ्या धारेने तेल कातडीत घुसते. जखम दिसायला टिकलीएवढी, पण हात जाऊ शकतो. असे झाले तर घरगुती उपाय न करता त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात न्या.

आणि झाड तोडण्याआधी तलाठ्याकडे चौकशी करा. साग, खैर, आंबा, चिंच, जांभूळ अशी झाडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. आपल्या बांधावरची असली तरी परवानगी लागते.

शेवट

१९५३ मध्ये फर्ग्युसनने आपली कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन केली. सौद्यात दहा लाख डॉलरचा वाद उरला, तो नाणे उडवून सोडवला आणि त्यात फर्ग्युसन हरला. वर्षभरात नव्या मंडळींशी बिनसून तो बाहेर पडला. उरलेली वर्षे त्याने चारही चाकांना जोर देणाऱ्या, घसरून अपघात न होणाऱ्या मोटारीच्या मागे घालवली. २५ ऑक्टोबर १९६० रोजी इंग्लंडमधल्या आपल्या घरी तो वारला. त्याच वर्षी मद्रासला टॅफे ही कंपनी निघाली आणि मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर भारतात तयार होण्याची वाट मोकळी झाली.

फोर्डशी केलेला सौदा मोडला, भागीदार बदलले, कंपनीही हातून गेली. तीन दांडे मात्र राहिले आणि आज जगभरच्या ट्रॅक्टरांना ते आहेत. माणसाचे कष्ट कमी व्हावेत आणि त्याचा जीव वाचावा, म्हणून ते बसवले गेले. तेव्हा उद्या ट्रॅक्टरला अवजार जोडताना तिन्ही पिना बसल्या का, त्यांना खिट्ट्या लागल्या का, तेल पुरेसे आहे का, आणि ओढायची साखळी ड्रॉबारलाच आहे का, एवढे चार ठिकाणी पाहा. पाच मिनिटांचे काम आहे. ती पाच मिनिटे वाचवायला जाऊ नका.